ईशान्येचा दगड

॥ श्री यमाई प्रसन्न ॥

दुधारवाडी, ता. वाळवा
रविवार, ता. १८ मे १९७५

प्रिय मदिनाबीस,

गजराचा सप्रेम नमस्कार आणि सलाम दोन्ही. तुला जो आवडेल तो घे. पत्र शकिलाच वाचत असणार. बाळ शकिला, सावकाश वाच, आणि आई “पुरे गं” म्हणाली तरी मधलं गाळू नकोस.

इकडे सर्व क्षेम. तुम्ही जतला, तुझ्या माहेरी, जाऊन दोन वर्षं झाली. आमचे हे मार्गशीर्षात फौजेतून पेन्शन घेऊन कायमचे घरी आले. पहाटे उठून अंगण झाडतात, मला केरसुणीला हात लावू देत नाहीत. ताटात भाकरी वाकडी पडली तर तीही नीट ओळीत लावतात. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस.

घराचं म्हणशील तर आहे तसंच आहे. म्हणजे हलतंच आहे. देवघराचं दार श्रावणात लागत नाही आणि वैशाखात लावलं तर आपोआप उघडतं. उन्हाळ्यात काळी जमीन सुकून फाटते, तसा देवघराचा कोपरा खाली बसतो. पावसाळ्यात माती पाणी पिऊन फुगते, तसा वर येतो. घर बांधणाऱ्या तुझ्या ह्यांनीच, रसूलभाईंनी, जाताना सांगितलं होतं, तशी मी भिंतीच्या भेगेवर कागदाची पट्टी खळीनं चिकटवते आणि वर तारीख घालते. जुन्या कॅलेंडरचेच कागद वापरते, देवाचं चित्र असलेले सोडून. पट्टी फाटली की समजायचं, घर हललं. हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर सगळ्या तारखा लिहिल्या आहेत. आजवर एकवीस पट्ट्या फाटल्या. वैशाखात भेगेत पावली जाते, श्रावणात पोस्टकार्डाची कडसुद्धा जात नाही.

मागच्या भिंतीवरचा शकिलाचा पंजा अजून आहे बरं का. ओल्या चुन्यात हात दाबला म्हणून तू तिला धपाटा घातलास आणि रसूलभाई म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. मालकिणीचा शिक्का बसला, आता घर पक्कं झालं.” तेव्हा ही सहा वर्षांची. आता बारा ना गं?

ते दिवस आठवले की मला काही सुचत नाही. घाणीला बैल फिरायचा, चुना मळायचा, आणि आपण दोघी बाभळीखाली भाकरी सोडायचो. तुझी लसणाची चटणी मी खायची आणि माझा खर्डा तू. पाया खणताना काळी माती पायाला अशी धरायची की पाऊल मणाचं व्हायचं. तू म्हणायचीस, “गजराक्का, ही माती न्हाई गं, सासू हाय. एकदा चिकटली की सुटत न्हाई.” मी माहेरी औंधला मॅट्रिक झाले, इतक्या मुलींत बसले, पण तुझ्याइतकं कुणी हसवलं नाही.

आता लिहिण्याचं कारण. पाऊस लागून माती फुगायच्या आत त्या कोपऱ्याचं काही करायला हवं. रसूलभाई येतील का? तेव्हा लोक नाही नाही ते बोलले, आमचे हेही रागात बोलले. पण मी कधी रसूलभाईंना एक शब्द बोलले नाही, हे तूही जाणतेस. झालं गेलं विसरून यावं.

रसूलभाईंना नमस्कार. शकिलाला आशीर्वाद. अंतर्देशीय संपलं, आता कडेला लिहिते आहे. उत्तर धाड.

तुझी,
गजरा


॥ श्री यमाई प्रसन्न ॥

दुधारवाडी
गुरुवार, ता. १२ जून १९७५

प्रिय मदिनाबीस,

आज अंतर्देशीय पुरणार नाही. वहीची पानं फाडली आहेत.

तुझं उत्तर गेल्या शनिवारी मिळालं. शकिलाचं अक्षर फार गोड आहे. पण मजकूर वाचून मी चुलीपुढून उठले आणि देवघरात जाऊन बसले. तू लिहवलंस: “आमचे हे म्हणतात, कोपऱ्याचं काय ते वहिनीला ठावं हाय. मी किती डाव विचारलं, फुडं काय सांगत न्हाईत. गजराक्का, तुला काय ठावं हाय?”

म्हणजे रसूलभाईंनी तुलाही सांगितलं नाही. सहा वर्षं. मी समजत होते, निदान तुझ्यापाशी तरी बोलले असतील, आणि तू मनात ठेवून मला माफ केलं असशील. त्या समजुतीवर मी निवांत होते.

तर ऐक. शकिला, इथून पुढे आणखी सावकाश वाच. वडील जवळ असतील तर त्यांनाही ऐकू जाऊ दे.

पायाभरणीचा दिवस. हे तेव्हा दूर नेफात, चीनच्या सरहद्दीवर होते, दोन महिने पत्र नव्हतं. मी यमाईला बोलले होते की मुहूर्ताच्या घटकेला ईशान्येचा दगड बसवीन, तू ह्यांना सुखरूप ठेव. मुहूर्त सकाळी नऊ बावीसचा. तू ओढ्यावर पाणी आणायला गेली होतीस. भटजी पळी-पंचपात्र मांडत होते. रसूलभाई खड्ड्यातून वर बघून म्हणाले, “वहिनी, अजून काळीच हाय. दोन हात तरी खाली जायला पायजे. मुरूम लागंस्तवर दगड ठेवू नका.”

मी म्हटलं, “मुहूर्त टळतोय. दगड बसव.”

“आवं, उद्या...”

“बसव म्हणते ना.”

त्यांनी बसवला. पूजा झाली. दुपारी तू जेवणाची भांडी घासत होतीस तेव्हा ते पुन्हा आले. म्हणाले, “आता पूजा झाली न्हवं? दगड उचलतो, खाली मुरमापतूर जातो, परत हाय तितंच ठेवतो. देवाला कळायचं बी न्हाई.” मी म्हटलं, पुजलेला दगड हलवायचा नसतो. त्यावर हातातली थापी पुसत ते इतकंच म्हणाले, “तुमचा देव, तुमचं घर. पर वहिनी, काळीला पूजा कळत न्हाई. तिला पाणी कळतंय.”

बाकीचे तीन कोपरे त्यांनी मुरमापर्यंत नेले. एकच कोपरा माझ्या हट्टावर उभा राहिला.

दुष्काळात पहिली भेग पडली. हे त्या उन्हाळ्यात रजेवर आले आणि आपल्याच अंगणात चारचौघांसमोर त्यांनी रसूलभाईंना चोर म्हटलं. “खड्ड्याची खोली मारलीस, मजुरी खाल्लीस,” म्हणाले. मी सोप्यात दाराला टेकून उभी होते. रसूलभाईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही गं. आता वहिनी बोलतील, अशा आशेनं बघितलं. मी खाली बघितलं. आणि बघ, ते जायच्या दिवशी मला पट्टी चिकटवायची कशी ते शिकवून गेले.

तुम्ही जायच्या आधीच गिरणीत भामाबाई म्हणाली, “देवघराचा कोपरा दुसऱ्या धर्माच्या हातानं रचल्यावर आनि काय व्हनार?” दळणाचा डबा माझ्या डोक्यावर होता. मी डबा सावरला आणि घरी आले. त्या साली कुणी रसूलभाईंना साधा गोठा बांधायला बोलावलं नाही. मागच्या पत्रात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं, की मी एक शब्द बोलले नाही. तेच तर. एक शब्द बोलायचा होता.

सोमवारी ह्यांनी जोतीराम गवंड्याला बोलावलं. त्यानं चारी कोपऱ्यांना बाहेरून खड्डे घेऊन पाया बघितला. बघायला निम्मी आळी जमली, भामाबाई सगळ्यांत पुढे. तीन खड्ड्यांत पायाखाली पिवळा मुरूम लागला. ईशान्येला काळीभोर माती, आणि तीत हात जाईल एवढी भेग.

हे म्हणाले, “बघा! नेमका देवघराचा कोपरा मारलाय त्यानं.”

जोतीराम खड्ड्यातच बसून तंबाखू मळत होता. म्हणाला, “हवालदार, चोरी करनाऱ्याला तीन कोपऱ्यात इमान कुठनं सुचलं? मारायचंच तर समदंच मारलं असतं की. हितं कायतरी येगळं घडलंय.”

मग मी पुढे झाले. पदर डोक्यावर घेतला आणि म्हटलं, “मी घडवलंय.” सगळं सांगितलं, आत्ता तुला लिहिलं तसंच. आवाज कसा निघाला देव जाणे. भामाबाई म्हणाली, “आवं वैनी, आता कशाला उकरून काढताय?” मी म्हटलं, “खड्डा उकरलाय तर सगळंच निघू दे. गिरणीतलं तुमचं बोलणंसुद्धा.” ती आणलेली घागर तिथेच ठेवून घरी गेली.

संध्याकाळी मी तुळशीपाशी दिवा लावत होते, तेव्हा हे मागे येऊन उभे राहिले.

“मी त्याला चोर म्हणालो तवा तू दारात हुतीस.”

“होते.”

“मग?”

“तुम्ही चार दिवसांत परत जाणार होता. तुमच्या नजरेतून उतरून तुम्हाला धाडायचं नव्हतं मला.”

म्हणाले, “माझ्या नजरंपायी त्याचं गाव सुटलं की गं.” मग आत जाऊन त्यांनी बूट पुसायला घेतले. प्रवासाला निघायचं असलं की ते बूट पुसतात.

मदिनाबी, मला यमाईचं भय होतं. पहिली पट्टी फाटली तेव्हा वाटलं, आई रागावली. औंधला जाऊन ओटी भरून आले, उपास धरले, दगड मात्र हलवला नाही. मंगळवारी खड्ड्यात उतरले. दगडाला हळद-कुंकू वाहिलं, हात टेकवून म्हटलं, “सहा वर्षं एका माणसाच्या नावावर बसला आहेस. आता ऊठ.” भटजींनीही उत्थापनाची पूजा सांगितली आहे. पण जोतीराम दगडाला हात लावत नाही. म्हणतो, “भिंत तोलून धरायची, दोन-दोन हात खालनं मुरमापतूर भरत जायचं, हे काम रसूलचंच हाय. त्यानं रचलेली भिंत त्यालाच वळखंल.” मृग लागून चार दिवस झाले, अजून कोरडा आहे. माती फुगायच्या आत झालं तर होईल.

काल रात्रीत एक पट्टी आणखी फाटली. बाविसावी. भेग आता शकिलाच्या पंजापर्यंत आली आहे. अंगठ्याला टेकली आहे.

रसूलभाई नाही आले तरी माझं काही म्हणणं नाही, असं लिहिणार होते. ते खोटं होईल. भिंत पडली तर दुसरी बांधता येईल. पण मला ती तुझी बाभळीखालची जागा परत हवी आहे, आणि रसूलभाईंना गावानं आदरानं हाक मारलेली माझ्या कानांनी ऐकायची आहे. एवढं मागायला मला तोंड नाही, तरी मागते.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. आमचे हे पहाटेच्या एस.टी.नं स्वतः घेऊन येत आहेत. शकिला हे वाचत असेल तेव्हा ते तुमच्या दारात उभे असतील. फौजेत माफी मागायला शिकवत नाहीत, त्यामुळे तोंडानं बोलतील असं नाही. पण अंगणातलं बोलणं अंगणातच, चारचौघांसमोर मागे घेईन, असं मला म्हणाले आहेत. त्यांना आत घ्यायचं की उंबऱ्यावरून परत लावायचं, ते रसूलभाईंनी ठरवावं. मी रुसणार नाही. लांबून उन्हाचे आले आहेत, पाणी मात्र दे.

पिशवीत खर्डा बांधून दिला आहे. तो तुझा.

“दगड बसव” म्हणाली होती, तीच तुझी,
गजरा