पिवळी पाटी पिवळीच राहावी

मी, श्रीमती विजयमाला केरबा फडतरे, वय अडुसष्ट, राहणार रहिमतपूर, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, माझ्यामागे माझ्या मिळकतीचे काय करावे ते या कागदात माझ्या हाताने लिहून ठेवते. साताऱ्याच्या डॉक्टरांनी दिवाळीआधी माझ्या हृदयाबद्दल जे सांगितले ते मला नीट समजले आहे. डोके मात्र ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही, आणि करून पाहायची हिंमत आमच्या गल्लीत कोणाची नाही. अ‍ॅडव्होकेट माया बनसोडे यांनी छापील नमुना दिला होता. त्यात माझे म्हणण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून मी तो परत केला. त्या म्हणाल्या, काकू, तुमच्या शब्दांत लिहा, कायद्याचे मी बघते. म्हणून हे असे आहे.

कलम १. रहिमतपूरचे राहते घर, पडवी आणि गाडीच्या पत्र्याच्या शेडसह, माझा एकुलता एक मुलगा पृथ्वीराज याला द्यावे. तो सांगलीला विश्रामबागेत राहतो आणि एका पतसंस्थेत अधिकारी आहे. तो इथे येऊन राहणार नाही हे मला ठाऊक आहे. घर विकायचे तर खुशाल विकावे, पण त्याची मुलगी राजनंदिनी गाडी चालवते आहे तोवर शेडला हात लावू नये.

कलम २. जमिनीबद्दल काही लिहायचे नाही, कारण ती माझ्या नावावर कधी नव्हतीच. उसाला पाणी द्यायला मी होते, सातबाऱ्यावर दीर होते. तो विषय मी सोडून दिला आहे, म्हणजे दिवसातून एकदाच आठवते.

कलम ३. माझी बोरमाळ सून राजेश्वरी हिला. तिने मला कधी उलट उत्तर दिले नाही. माझ्यामागे काय बोलली असेल ते तिचे तिला माहीत, आणि बोलली असेल तर त्यात थोडेफार तथ्यही असेल.

कलम ४. सगळे पाने, मोठा जॅक, बंद गाडी ओढायचा टोचनदोर आणि माझ्या मालकांची, म्हणजे केरबांची, लष्करातली अवजारांची पेटी आमचे ड्रायव्हर लालासाहेब यांना. मालक गेल्यानंतर गाडी त्यांनीच चालवली. राजनंदिनीला घाटात गाडी कशी उतरवायची तेही त्यांनीच शिकवले, आणि शिकवताना एकदाही "पोरीच्या जातीला" असे म्हणाले नाहीत. आमच्या भागात असा माणूस मिळणे अवघड आहे.

कलम ५. पोस्टातली ठेव माझी नणंद आक्काताई यांच्या औषधपाण्यासाठी. यावर घरात तोंडे वाकडी होतील, कारण आमचे दोघींचे कधी पटले नाही. तरी ठेव त्यांनाच द्यावी. कारण लिहिते.

मालक सैन्यात ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी जीप घेतली, पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी. खासगी गाडीचा टॅक्स घेतानाच एकरकमी भरायचा असतो. तो त्यांनी भरला आणि आता सरकारचा नि आपला संबंध मिटला असे धरून चालले. गावातली माणसे दवाखान्याला, लग्नाला, जागरणाला गाडी मागायची, हे घेऊन जायचे. पैसे घेताना म्हणायचे, भाडे नको, डिझेलपाण्याचे तेवढे द्या. आमच्याकडे सगळे तसेच म्हणतात. भाडे म्हटले की कमीपणा वाटतो आणि डिझेलपाणी म्हटले की घरोबा वाटतो.

एका खंडेनवमीला आक्काताईंनी गाडीची पूजा केली आणि हौसेच्या भरात सगळी नंबरपाटीच हळदीने माखून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत गच्च माणसे भरून मालक पालीच्या खंडोबाला निघाले. अतीतच्या पुढे आरटीओच्या साहेबांनी हात केला. गाडी खासगी, माणसे परकी, तेव्हा साहेबांनी मागच्यांना विचारले, भाडे किती दिले. आमचा शेजारी बिराप्पा छाती काढून म्हणाला, "भाडं न्हाई वं साहेब, डिझेलपाणी दिलंय. आमी काय फुकटे हाय व्हय?"

त्याला वाटले आपण केरबाला वाचवला. साहेबांनी पाटीकडे बघितले, मालकांकडे बघितले आणि म्हणाले, "पाटी तर पिवळी केलीच आहे, आता परमिटही काढून टाका." दंडाची पावती फाडली आणि सोडून दिले. मालक घरी आले ते आक्काताईंवर चिडायचे सोडून माझ्यावर चिडले. पण चेष्टेत बोललेले त्यांच्या डोक्यात घुसले. साताऱ्याला खेटे घालून त्यांनी गाडी धंद्याची करून घेतली. लोक हसले. एकदा भरून मोकळा झालेला माणूस वर्षानुवर्षे टॅक्स भरायला स्वतःच्या पायाने गेला, म्हणाले. मालक म्हणाले, "आता भाडं म्हणायला लाज न्हाई वाटायची." त्या दिवसापासून आमचे घर त्या पाटीवर चालले. आक्काताईंनी हळद जपून वापरली असती तर चालले नसते. हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. ठेव घ्यावी आणि समजून जावे.

कलम ६. आता गाडी, ज्यासाठी हा सगळा कागद. जुनी जीप कधीच मोडीत निघाली. सध्याची गाडी नऊ सीटर आहे, पिवळ्या पाटीची, माझ्या नावावर, कर्ज फिटलेली. ही गाडी मी माझी नात राजनंदिनी पृथ्वीराज फडतरे हिला देते. ती बी.कॉम. झाली आणि माझ्याजवळ राहते. सध्या गाडी तीच चालवते. पाचगणीच्या हॉस्टेलवर मुलींना सोडायचे असले की आईबाप तिचे नाव घेऊन फोन करतात, कारण गाडीवर बाई आहे म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडतो.

पृथ्वीराजला हे मान्य नाही. दिवाळीला पडवीत बसून त्याने मला सांगितले, "आई, फरकाचा टॅक्स मी भरतो, पण तुझ्यानंतर पाटी पांढरी करायची. माझी पोरगी लोकांच्या बॅगा उचलणार नाही." गाडी घरची म्हणून राहील, चार पाहुण्यांत बरी दिसेल, असे त्याचे म्हणणे. राजनंदिनी चकल्या तळत होती. झारा खाली ठेवून ती म्हणाली, "पप्पा, पाटी पांढरी झाली की मी बिनकामाची झाले." एवढेच. पुन्हा तळायला लागली. त्या रात्री मी ठरवले की कागद करायचा.

म्हणून माझी इच्छा अशी की, राजनंदिनीला वाटेल तोवर पिवळी पाटी पिवळीच राहावी आणि ती बदलण्याचा हक्क तिच्या बापाला, पुढेमागे नवऱ्याला किंवा सासऱ्याला नसावा.

तिच्यासाठी सूचना. खासगी गाडीला टॅक्स एकदा भरला की माणूस विसरतो, धंद्याच्या गाडीला विसरून चालत नाही. आपला टॅक्स सीटप्रमाणे असतो आणि मुदत संपली की पुन्हा भरायचा असतो. पासिंग वेगळे, परमिट वेगळे, विमा वेगळा. या जावाजावा आहेत असे समजावे, एकीला दिले म्हणून दुसरी गप्प बसत नाही. गाडी काही दिवस रस्त्यावर येणार नसेल तर ते आधी लेखी कळवावे. एकदा इंजिनाच्या कामाला गाडी गॅरेजमध्ये पडून राहिली, आम्ही कळवले नाही आणि उभ्या गाडीचा टॅक्स भरला. तो राग माझा अजून गेलेला नाही. दर बदलत असतात, तेव्हा एजंटाच्या तोंडाकडे न बघता कार्यालयात जाऊन विचारावे. खिडकीवरचा माणूस खेकसला तर आपणही खेकसावे, मग तो नीट सांगतो.

इथवर लिहून मी कागद मायाताईंना वाचायला दिला. सहाव्या कलमावर त्या थांबल्या. म्हणाल्या, गाडीचा मालक वारला की ती वारसाच्या नावावर करताना कार्यालय बहुधा वारसांची ना-हरकत मागते. मृत्युपत्र असले तरी वारसाने हरकत घेतली की प्रकरण लांबते. वारस कोण? पृथ्वीराज. तो नाही म्हणणार नाही, नुसता आज करतो, उद्या करतो म्हणत बसेल. तेवढ्यात टॅक्सची मुदत संपणार, परमिट अडकणार, गाडी शेडमध्ये उभी राहणार आणि पोरगी सांगलीला जाऊन स्थळे बघत बसणार. माझा मुलगा मी ओळखते.

मी विचारले, "आणि मी जिवंत असताना?"

"जिवंतपणी तुमची एकटीची सही पुरते, काकू."

मी कागद पिशवीत घातला आणि घरी आले. ज्या कामाला मेल्यावर दहा सह्या लागतात आणि जिवंतपणी एक, ते मेल्यावर करायचा विचार मला सुचला तरी कसा याचे मला नवल वाटते. त्याच आठवड्यात मी नि राजनंदिनी साताऱ्याला गेलो. टॅक्स भरलेला होता, पासिंग झालेले होते, कोणाला कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. गाडी तिच्या नावावर झाली, मागून परमिटही झाले. कार्यालयाच्या पायरीवर पोरगी रडली. मी तिला गप्प बस म्हणाले आणि मग मीही रडले.

पृथ्वीराजला मी स्वतः फोन करून सांगितले. तो म्हणाला, "आई, माझी सही मागायची तुला भीती वाटली? मी एवढा वाईट आहे?"

मला फार लागले ते. मी म्हणाले, "वाईट न्हाईस रं. हट्टी हायस. माझ्यावर गेलायस."

पुढच्या रविवारी तो न सांगता आला. राजनंदिनीला पाचगणीचे भाडे होते, तर तिच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसला. दिवसभर काय बोलले देव जाणे. संध्याकाळी चहा पिताना मला म्हणाला, "पसरणी घाटात वळणाला हॉर्न देत जा म्हणून सांग तिला. माझं ऐकत नाही." मी म्हणाले, तूच सांगत जा, आता ती मालकीण आहे.

तेव्हा कलम ६ रद्द समजावे. त्यातल्या सूचना मात्र राहू द्याव्यात, त्या उपयोगाच्या आहेत. खोडलेल्या जागी मायाताईंनी सांगितले तशी सही केली आहे. जी वस्तू माझी नाही ती मला मृत्युपत्रात देता येत नाही, असे कायदा सांगतो आणि तो या ठिकाणी मला पसंत आहे.

बाकी कलमे कायम. हा कागद मी मरणाची तयारी म्हणून लिहायला घेतला होता. पण नातीच्या नावाची गाडी रोज सकाळी दारातून निघते आणि ती मला बघायची असते. त्यामुळे कागद तयार असला तरी मला कसलीही घाई नाही, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर मी सही केली आहे.

सही: विजयमाला केरबा फडतरे

साक्षीदार १: भाऊसो ज्ञानू माने, निवृत्त सुभेदार, शेजारी, रहिमतपूर

साक्षीदार २: अ‍ॅड. माया बनसोडे, कोरेगाव

दोघांनाही या कागदातून काही मिळत नाही. चहा मिळाला.

ठिकाण: कोरेगाव, जिल्हा सातारा
दिनांक: २१ फेब्रुवारी २०२५