उनाईची वाफ आणि माझी नजर

२० ऑक्टोबर, रविवार
ठरलं. दिवाळीत सुरतेतले कापडाचे लूम बंद झाले की सगळ्यांनी वांसद्याच्या जंगलात जायचं, तिथून उनाईला गरम पाण्याच्या कुंडावर. जमिनीतून आपोआप गरम पाणी वर येतं, गॅसची टाकी नको का काही नको. जंगल नात साक्षीसाठी, पाणी माझ्या दीपकसाठी. त्याचा खोकला तीन डुबक्यांत जाणार. माझी गॅरंटी.
नवराबायको डॉक्टरकडे जाऊन आली. म्हणे पोटात गॅस धरलाय, त्याचा खोकला. मी म्हटलं, गॅसनं खोकला येत असता तर आमची अख्खी डिंडोली खोकली असती. सून हसली नाही. अश्विनीला चेष्टा कळत नाही. माहेरी कोणी केलीच नसेल.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
पुन्हा चष्म्याचं काढलं दोघांनी. साफ नाही म्हटलं. माझी नजर एकदम फर्स्ट क्लास. आज गॅलरीतून समोरच्या मालतीबाईला ओरडून सांगितलं की नवी साडी झकास आहे. ती वाळत घातलेली चादर निघाली. त्यांच्या चादरीच तशा.
दीपकची पँट कमरेला राहत नाही. बेल्टला सुरीनं नवीन भोक पाडलं. अश्विनीच्या हातची भाकर खाऊन कोणीही वाळेल. तिला तसं बोलले पण. ती पाठ करून भांडी घासत राहिली.
ह्यांची पँट पण हे गेले त्याआधी अशीच व्हायची. पण ते बिडी ओढायचे. दीपक ओढत नाही. म्हणजे वेगळंच आहे.

३ नोव्हेंबर, भाऊबीज
तयारी फुल. कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. उनाईचं पाणी आणायला पाच लिटरचा कॅन. छगनची इको गाडी सांगितली. छगन दीपकच्याच खात्यात लूम चालवतो. म्हणाला, काकी, वाघ दिसला तर काय कराल? म्हटलं, तुला पुढे करीन, तुझ्या अंगावर मांस बरं आहे.
दीपक हसायला गेला आणि खोकत बसला. बराच वेळ. छगन खाली बघत होता.
ठराव : उद्या चिडवायचं नाही कोणाला.

४ नोव्हेंबर, सकाळी, गाडीत
ठराव सुरतेबाहेर चलथाणपर्यंत टिकला. अश्विनीची एक चप्पल सीटखाली सरकवली.

४ नोव्हेंबर, दुपारी, जंगलात
गाईडनं आधीच बजावलं, आवाज केला तर जनावर दिसणार नाही. त्याला काय माहीत, आम्ही लूमवाले. शेडच्या खडखडाटात कोणी बोलत नाही. नुसते ओठ हलवायचे, बोटांनी खुणा करायच्या. मी सुताच्या कांड्या भरायला जायची तेव्हा शेडच्या या टोकावरून त्या टोकाच्या ह्यांची टिंगल करायची, तोंडातून हूं न काढता. ओठ वाचायला मला चष्मा लागत नाही. अश्विनी पण लग्नानंतर कांड्यांवर होती. साक्षी घरात बघून बघून शिकली. तासभर सगळी अशीच बोलत चाललो. गाईड म्हणाला, एवढी शांत पार्टी पाहिली नाही. मी छाती काढून चालले.
बिबट्या सगळ्यांत आधी मी पाहिला. झाडाखाली, पिवळा, ठिपके. साक्षीला बोटांनी दाखवला. ती बघून आली. म्हणे वारूळ आहे, आजी.
मग खरी हरणं आली. ओढ्यावर, पिल्लासकट. साक्षीनं श्वास धरला. आणि दीपकला ढास लागली. तोंडात रुमाल कोंबला तरी थांबेना. हरणं क्षणात गेली. रुमाल अश्विनीनं झटकन घेतला आणि मुठीत दाबला. मी म्हटलं, घाम पुसायला मला दे. दिला नाही. चिक्कू बाई.
चढावर दीपक मध्येच बसला. उन्हामुळे.

४ नोव्हेंबर, संध्याकाळी, उनाई
कुंडावर पोचलो. पाण्यातून बुडबुडे, वर वाफ. गर्दी. मी साक्षीला घेऊन या बाजूच्या पायरीवर बसले, दीपक आणि अश्विनी त्या बाजूला. मी दीपकला खूण केली, तीन डुबक्या. त्याला कळलं नसेल. तो नुसता पाय सोडून बसला. शर्ट पण काढला नाही. अश्विनी त्याच्या पाठीवर हात फिरवत होती. चारचौघांत. तिथं चिडवायला पाहिजे होतं.
मग दोघं बोलायला लागली. आवाज न काढता, लूमवाल्यांसारखं. मी समोर, म्हणून. माझी नजर गेली असं धरूनच चालतात ती.
अश्विनी काहीतरी बोलली आणि माझ्याकडे मान केली. दीपकनं मान हलवली. त्याचे ओठ हलले.
"मायले सांगू नको. बापनागतच शे."
ह्यांच्यासारखंच. वाफ फार होती.
साक्षी म्हणाली, आजी, पाणी बघ ना, तू कुठे बघतेस.

५ नोव्हेंबर, मंगळवार
उनाईचा कॅन ओट्यावर. पाणी गार होऊन गेलं. वास येतो थोडा. गॅसवर तापवून दीपकला आंघोळीला दिलं. त्यानं सगळं अंगावर घेतलं, शेवटच्या तांब्यापर्यंत. बाहेर येऊन म्हणाला, आई, बरं वाटतंय.
मी म्हटलं, वाटणारच. गॅस होता तो.
बाथरूमच्या दारात अश्विनीला म्हटलं, तुझी भाकर चांगली होते आता. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच म्हटलं, पण मीठ कमी.
परवा लूम सुरू. दीपक म्हणतो, थोडे दिवस थांबतो. छगन त्याचं मशीन बघेल.

७ नोव्हेंबर, गुरुवार
मालतीबाईनं विचारलं, काय काय पाहिलं जंगलात. म्हटलं, काही नाही. वारूळ पाहिलं. हरणं पळाली.
अश्विनीला सांगितलं, चष्मा करून घेते. ती म्हणाली, अचानक कसं काय. म्हटलं, तुम्ही म्हणता ते खरं आहे. मला लांबचं काही म्हणजे काही दिसत नाही. समोरच्या पायरीवर बसलेल्या माणसाचं तोंड पण नाही.
तिनं पिठाचे हात पुसले. मग तिनं हळूच माझा हात धरला.
मी म्हटलं, सोड, भाकर करपेल.