बाबांचे अडतीस टक्के

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. (कॉम्प्युटरच्या टेबलाखाली वायरींत बसून लिहितेय, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकलीत. उरलेली तीन तू आशीर्वाद देताना सांभाळून घे.) तुझी कंबर कशी आहे? बाबांचा उजवा डोळा कसा आहे? डाव्याचं ऑपरेशन मंगळवारीच ना? दोन्ही डोळे एकदम करून टाका असं ते डॉक्टरांना म्हणाले, हे ऐकून आईनं कपाळाला हात लावला. बाकी इकडे सगळं छान आहे. म्हणजे होतं. म्हणजे आई आणि मी छान आहोत.

तर झालं असं, की बाबा तुझ्याकडे आले त्याच दिवशी मी ठरवलं, ते परत येईपर्यंत घरच्या कॉम्प्युटरला नवी सिस्टिम टाकायची. रोज सकाळी एक चौकोन यायचा, की या सिस्टिमला यापुढे कंपनीचा आधार मिळणार नाही. बाबा म्हणायचे, रिटायर झाल्यावर मला तरी कुठे मिळतोय, चाललंय ना माझं. आणि चौकोन बंद करून पत्ते खेळायला बसायचे. तो खेळ तुला माहीत आहेच, एकट्यानं खेळायचा, एक्क्यापासून राजापर्यंत पानं लावत न्यायची. (गेल्या महिन्यात जिंकण्याचं प्रमाण सदतीसवरून अडतीस टक्के झालं तेव्हा त्यांनी स्क्रीनचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता, तुलाही आला असेल. तुझं ‘कोण गेलं?’ असं उत्तर आल्यावर त्यांनी दोन दिवस फोन उलटा घालून ठेवला होता.) चार वर्षं रोज झोपण्याआधी हा माणूस कॅलेंडरवर टक्के लिहितोय. तीस वर्षं दुकानादुकानांतले वजनकाटे तपासण्यात गेली, आता तपासायला हे एवढंच राहिलंय. कॅलेंडरचं पान फाडतानासुद्धा आधी टक्के बघतात, मग तारीख.

तर मी बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, कॉम्प्युटर बंद करू नका. आईनं हे फार मनावर घेतलं. फ्यूज उडू नये म्हणून तिनं फ्रिज बंद केला, मग पंखे, मग दारावरची बेल. सत्तावीस टक्क्यांवर ते जे थांबलं ते दीड तास हललं नाही. आई पावलं न वाजवता खोलीत यायची, बघायची, आणि ताप उतरला का अशा आवाजात ‘किती?’ विचारायची. शेवटी तिनं मला वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, की थोडा वेळ तुमचं ते कोरायचं मशीन लावू नका, लोड येतो. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून होते. डॉक्टर माझ्यावर भडकले, पण त्या गृहस्थांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांत पाणी आणून काहीतरी म्हणाले. बहुतेक आभार असावेत, तोंडात कापूस होता.

संध्याकाळी झालं एकदाचं. स्क्रीनवर आलं, नमस्कार, तुम्हाला भेटून आनंद झाला. आई म्हणाली, नऊ वर्षं ह्याच्यावरची धूळ पुसतेय, आत्ता भेटून आनंद झाला होय. मी सगळं तपासलं. फोटो जागेवर. पाणी कमी येतं म्हणून बाबांनी केलेले एक्केचाळीस अर्ज जागेवर. मग पत्ते उघडले. एकूण डाव शून्य. जिंकले शून्य.

आत्या, मी तो खेळ तीनदा बंद करून उघडला, तिन्हीदा शून्यच. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, जुना खेळ नव्या सिस्टिमवर चालत नाही, हा वेगळाच खेळ आहे. मॅडम, फाइल असेल तर मी आणून देईन, जिंकणं कुठून आणू?

मग उपाय उरला एकच. सुदैवानं बाबांचा तो फोटो माझ्या फोनवर होता. डाव दोन हजार नऊशे सहा, जिंकले अकराशे चार. तेवढे पुन्हा खेळायचे. हरणं सोपं आहे, पानं वाटायची आणि लगेच ‘नवा डाव’ दाबायचं, की मागचा हरला. असे हजारेक मी एका दुपारीत उरकले, बोटाला मलम लावलंय. उरलेले राखून ठेवलेत, कारण जिंकता जिंकता आपण हरणारच. जिंकायला मात्र मी दोन दिवस बसले आणि सात डाव जिंकले. तिसऱ्या दिवशी आई ओले हात पदराला पुसत आली, मला खुर्चीवरून उठवलं आणि चार मिनिटांत जिंकली. मग परत. मग परत. आज सकाळपर्यंत तीनशे बारा झालेत.

बाकी काही विशेष नाही. कमरेला जप.

तुझी भाची

ता. क. बाबांना अजून दहा दिवस ठेवून घेशील का? खरं तर पत्र एवढ्यासाठीच. डोळ्याला विश्रांती हवी असं काहीतरी डॉक्टरांकडून वदवून घे.

ता. क. दुसरा. आई एवढी कशी जिंकते, असं मी खोदून खोदून विचारलं. तर म्हणे चार वर्षं रोज दुपारी बाबा झोपले की ती त्यांच्याच नावावर एक डाव खेळते. टक्के घसरले की माणूस जेवत नाही नीट, म्हणून. ती नसती तर बाबा बाविसाच्या वर गेले नसते, असा तिचा हिशोब आहे. (आमटी पातळ झाली म्हणाले होते, त्या महिन्यात ती मुद्दाम हरत होती. सदतीसचे छत्तीस झाले होते.) हे बाबांना कधीही कळता कामा नये.

ता. क. तिसरा. फोनच करणार होते, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस, म्हणून पत्र लिहिलं. आता पाकीट चिकटवताना आई म्हणतेय, अगं, ती पत्रसुद्धा सगळ्यांना समोर बसवून मोठ्यानं वाचते, पाकिटावरच्या पत्त्यापासून. परत लिहायला वेळ नाही, सातशे ब्याण्णव डाव जिंकायचेत. तेव्हा आत्या, हे मनातल्या मनात वाच.

ता. क. चौथा. बाबा, ऐकताय ना? माझं चुकलं. डोळ्यावरच्या पट्टीला हात लावू नका. आई म्हणतेय, तुमचं सोंग पुरे झालं. झोपलेल्या माणसाचं घोरणं बायको जिंकली की दर वेळी थांबत नाही.