डोंगरमाथ्यावर कोणी राहत नाही

तीर्थस्वरूप दादा यास,

धाकट्याचा नमस्कार. (पावसाळाभर तुझ्या छतातून तीर्थ गळत असतं, तेव्हा हे संबोधन तुला शोभतंच. मी उगाच मान देतोय असं समजू नकोस.) वहिनींनाही नमस्कार सांग. तुझ्या गुडघ्याची आणि वहिनींच्या खोकल्याची काळजी वाटते असं लिहायची पद्धत आहे, तर वाटते. एव्हाना तुमच्या भिंतींना ओल आली असेल, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढली असेल आणि तुझं दुकान जोरात चालत असेल. आमच्याकडे अजून थेंब नाही. नळाला दिवसाआड पाणी येतं, तेही येताना इतकं खाकरतं की वाटतं, म्हातारं कोणी आलं. हे पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि परवा तर मधेच ठेवून दिलास. पत्र मधेच ठेवता येत नाही. फार तर फाडता येतं, पण आईविषयी आहे म्हटल्यावर तू शेवटपर्यंत वाचशील.

तुला मास्तरांचा धडा आठवत असेल. (मास्तर म्हणजे आपले बाबा. शाळेत चुकून बाबा म्हटलं की छडी बसायची, ती सवय ते गेल्यावरही सुटत नाही.) फळ्यावर ते खडूने एक डोंगर काढायचे आणि सांगायचे, समुद्राकडून ढग भरून येतात, डोंगर चढताना दमतात, सगळं ओझं अलीकडेच टाकतात आणि पलीकडे हात हलवत जातात. म्हणून अलीकडे माणसांची ही गर्दी, घराला घर चिकटलेलं, आणि पलीकडे जिथे विहिरीला पाणी लागेल तिथे चार घरं, मग कोसभर काही नाही. आणि शेवटी डोंगराच्या टोकावर खडू टेकवून म्हणायचे, डोंगरमाथ्यावर कोणी राहत नाही, कारण पाणी दोन्हीकडे निघून जातं, माणूस तिथून फक्त जातो. हा धडा आपण दोघांनी फारच मनावर घेतला. तू थोरला, म्हणून आधी निवडलंस आणि अलीकडे राहिलास, नदी, बाजार, शेजार सगळं आयतं मिळालं. माझ्या वाट्याला पलीकडचं ऊन आलं. तू ताडपत्र्या आणि छत्र्या विकतोस, मी पाण्याच्या टाक्या विकतो. म्हणजे तुझं पोट पाऊस येतो म्हणून भरतं आणि माझं येत नाही म्हणून. यात कोणाचा दोष नाही, डोंगराचा आहे, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो. हल्ली समजूत पटत नाही.

आईचंही आपण डोंगर बघूनच ठरवलं. पावसाळ्यात तुझ्याकडच्या ओलीने तिला दम लागतो आणि उन्हाळ्यात माझ्याकडच्या तापाने तिला घेरी येते, शिवाय पाणी पुरत नाही. म्हणून पाऊस लागला की आई माझ्याकडे, थंडी सरली की तुझ्याकडे. ठरवताना आपल्याला केवढं शहाणपण सुचल्यासारखं वाटलं होतं. आईला विचारलं नव्हतं, पण ती तिथेच बसून भाजी निवडत होती, म्हणजे तिने ऐकलं असणार. पुढे तू म्हणालास, मी तुझ्या गावात उतरणार नाही, तिथे पाहुण्याला हात धुवायला वाटीत पाणी देतात. मी म्हणालो, मीही तुझ्या गावात उतरणार नाही, तिथे माझा रुमालसुद्धा वाळत नाही. मग मधला मार्ग निघाला, अगदी मध्यावरचा. खिंडीत इंजिन थंड करायला बस थांबते, तिथे ते चहाचं दुकान, त्या दुकानाच्या बाकावर तू आईला आणून बसवायचं आणि मी उचलायचं. पोस्टातलं पार्सलसुद्धा घरपोच मिळतं, दादा. आपण आईला अर्ध्या वाटेवर घेत-देत होतो आणि वर एकमेकांचे आभार मानत होतो.

आता यंदाचं. तुझा सकाळी फोन आला की पाऊस लागला, आईला बसमध्ये बसवून दिलं आहे, दुकानात गर्दी आहे म्हणून सोबत येत नाही, तू वर जाऊन घे. मी खिडकीतून पाहिलं तर आकाश धुतलेल्या परातीसारखं लख्ख. मी म्हणालो, पाऊस लागलेला नाही. तू म्हणालास, धो-धो लागलाय. मी म्हणालो, नेणारा मी आहे, तेव्हा माझ्याकडचा पाऊस धरायचा. तू म्हणालास, आई माझ्याकडे आहे, तेव्हा माझ्याकडचा. (त्या वेळी ती दोघांकडेही नव्हती, बसमध्ये नाहीतर बाकावर होती, पण हा मुद्दा कोणालाच सुचला नाही.) मग तू सकाळपासून किती छत्र्या खपल्या ते सांगितलंस, मी किती टाक्यांची मागणी आहे ते सांगितलं, तू मला हिशेबी म्हणालास, मी तुला उर्मट म्हणालो, आणि फोन ठेवला. बोलून चालून आपण मास्तरांची मुलं, मुद्दा सोडला असता तर घराण्याला बट्टा लागला असता. मला वाटलं, तू वर जाऊन तिला परत नेलं असशील. तुला वाटलं, मी नेलं. दोघांनीही विचारलं नाही, कारण आधी विचारील तो हरला. दोन दिवसांनी मला मोठेपणा सुचला आणि मी फोन करून म्हटलं, ठीक आहे, तुझाच पाऊस खरा, दे आईला. तू म्हणालास, देऊ म्हणजे, ती तुझ्याकडे नाही? मी विचारणार होतो, मग ती आहे कुठे? पण तू तेवढ्यात ओरडायला लागलास.

मी मिळेल त्या बसने वर गेलो. वाटेत काय काय मनात आलं ते लिहीत नाही. दुकानाचं पुढचं छप्पर तुझ्याकडून चढलेल्या ढगाने टपटपत होतं आणि मागच्या अंगणात माझ्याकडचं कोरडं ऊन होतं, तिथे दोरीवर आईचे कपडे. आई गल्ल्यावर बसली होती. चहावाली बाई एकटीच असते, दरड कोसळली की अडकलेल्या लोकांसाठी मागे एक खोली ठेवते, ती तिने आईला दिली. पहिल्या संध्याकाळी शेवटची बस गेल्यावर तिने आईला फक्त जेवलात का एवढं विचारलं म्हणे. (आपण दोघांनी फोनवर इतका वेळ बोलून हे विचारलं नव्हतं.) आईला दम लागत नव्हता, घेरीही येत नव्हती. एका ड्रायव्हरला ती कप फोडल्याबद्दल झापत होती आणि तो घोड्याएवढा माणूस खाली मान घालून हो आई, हो आई करत होता. माझ्याकडे असताना ती इतक्या मोठ्याने कधी बोलली नाही. तुझ्याकडेही बोलली नसणार.

मी म्हटलं, आई, चल. ती रागावली असती तर मी निभावून नेलं असतं, राग घालवायची मला लहानपणापासून सवय आहे. ती रागावली नाही. तिने सुटे पैसे मोजता मोजता विचारलं, तुझ्याकडे पाऊस लागला का रे? मी खोटं बोलू शकलो असतो, पण शर्ट कोरडा होता. म्हटलं, अजून नाही. ती म्हणाली, मग कसा नेतोस? आणि पुढे मोजत राहिली. मग तिने मला चहा दिला. चांगला होता. पैसे घेतले आणि उरलेले परतही दिले, मोजून, जसे सगळ्यांना देते तसे. दादा, मी ते सुटे पैसे अजून खिशातून काढलेले नाहीत. बायको विचारते, आई कधी येणार, मी म्हणतो, पाऊस लागला की. आई घरात नाही आणि मला करमत नाही, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, तुलाच सांगतोय, कारण तुला सांगितलं काय आणि भिंतीला सांगितलं काय, सारखंच.

कमी-जास्त लिहिलं असेल तर जास्तच लिहिलं असेल, कमी नाही.

तुझा,
वाटणीत ऊन आलेला भाऊ

ता. क. खरं लिहायचं ते राहिलंच. आईने कंडक्टरबरोबर निरोप पाठवला आहे, तुझ्याकडची तिची पत्र्याची ट्रंक आणि माझ्याकडची गोधडी वर पाठवून द्या. दादा, पाया पडतो, ट्रंक पाठवू नकोस. मीही गोधडी देत नाही. वस्तू खाली आहेत तोवर तिला एकदा तरी खाली उतरावं लागेल, मग कुठल्या बाजूला उतरते ते तिचं तिला ठरवू दे. तुझ्याकडे उतरली तरी मी चकार शब्द काढणार नाही.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात इथे पाऊस लागला, चांगला, दणकून. मी तसाच पळत स्टँडवर गेलो, म्हटलं, आता ती विचारील तर माझ्याकडे उत्तर आहे, आणि शर्टही भिजलेला आहे. तिथे कंडक्टर भेटला. म्हणाला, तुमच्या भावाने ट्रंक कालच पोचती केली. (तुझ्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती.) आणि आईने सांगितलंय, त्याच्याकडे पाऊस लागला असेल, तर म्हणावं गोधडी नीट बांधून दे, भिजायला नको. मी घरी परत आलो. तेव्हा वरचा ता. क. वाचू नकोस, आणि उद्याच्या बसने तुझ्या दुकानातली एक ताडपत्री पाठव, चांगल्यातली. आमच्याकडे मिळत नाही, इथे कधी कोणाला लागलीच नाही.