नदीपलीकडचा प्रभाग

सोम., ३ फेब्रु.
निखिलचा फोन बंद. आज पाचवा दिवस. पोलंडला, वॉर्सात एका गोदामात कामाला आहे, पण इतके दिवस गप्प कधी बसला नव्हता. आईचा जीव; सुमनने सकाळपासून चहाखेरीज काही घेतलं नाही.
मागच्या वेळी म्हणालेला, "बाबा, खोली बदलली. आता नदीपलीकडे." खिडकीतून काढलेला फोटोही पाठवलेला. मी विचारलं, प्रभाग कुठला? महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात तीस वर्षं काढली, दुसरं काय सुचणार! "प्रभाग काय करायचाय तुम्हाला?" म्हणाला आणि फोन ठेवला. जेवलास का, हे विचारायचं राहूनच गेलं.

मंगळ., ४
दूतावासातल्या बाई चांगलं बोलल्या. पोलिसांना कळवतो म्हणाल्या, पण पत्ता हवा. कुठून आणू? गोदामाचं नावसुद्धा कधी विचारलं नाही.
नेटवर बसलो. वॉर्साचे भाग अठरा, प्रत्येकाचं वेगळं कार्यालय, निवडून दिलेली परिषद. आपल्यासारखंच की! जरा धीर आला. प्रागा नावाचा भाग नदीपलीकडे दिसला. तिथे रीतसर अर्ज केला: विषय, संदर्भ, सोबत खिडकीचा फोटो. ही जागा आपल्या हद्दीत आहे का, कृपया कळवावे. पोलिश भाषांतर मोबाइलने केलं.

गुरु., ६
उत्तर आलं. प्रागा दोन आहेत, उत्तर आणि दक्षिण. आम्ही उत्तर. फोटोतली जागा आमच्या हद्दीत नाही.
मराठीत वाचताना वाटलं, हे मीच लिहिलंय. किती जणांना लिहिलं असेल.

शनि., ८
बाजारात द्वारकाबाई भेटल्या. घर दोन प्रभागांच्या मधल्या नाल्यावर. नवऱ्याच्या मृत्यूच्या नोंदीसाठी मी त्यांना चारदा परत पाठवलं होतं. त्या विसरलेल्या नाहीत, तरी थांबून निखिलची चौकशी केली. मला मान वर करता येईना. सगळं सांगितलं.
"येकेकाला काय इचारतंस, भाऊ? सगल्या हापिसांना येकाच दिशी कागद टाक. मी शेवटी तसंच केलेलं."
घरी येऊन तोच अर्ज अठराही ठिकाणी पाठवला. उत्तर प्रागालासुद्धा, पुन्हा.

बुध., १२
अकरा उत्तरं. सगळी नकाराची. सुमन म्हणाली, "तुम्ही त्याला ओरडला होतात का?" नाही म्हटलं. ओरडलो असतो तर बरं झालं असतं, निदान काही बोललो असतो. फोन अजून बंदच.

सोम., १७
सतरा उत्तरं झाली, सगळी नकाराची. दक्षिण प्रागाचं तेवढं नाही.
सुमनने देवापाशी दिवा लावला आणि विचारलं, "एवढा वेळ का लागतोय हो त्यांना?"
"ऑफिसं अशीच असतात," म्हटलं.
तिला सांगितलं नाही. हद्दीबाहेरचा अर्ज आम्ही त्याच दिवशी परत करायचो. टेबलावर पडून राहायचा तो आपल्याच हद्दीतला.