कणकेचा गोळा

मास्तर,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून तुमच्या नावावर टाळ्या घेतोय. पखवाज माझा कधीच सुटला. आता मी ‘कला आणि अध्यात्म’ या विषयावर बोलतो, लोअर परळच्या ऑफिसांत, दादरच्या सभागृहांत, आणि तिथे तुमची कणीक हमखास येते. डिलाईल रोडच्या चाळीत भजन संपलं, की पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली ओली कणीक तुम्ही खरवडून काढायचात. मी सांगतो, मास्तर म्हणायचे, आजचा नाद आजच सोडून द्यावा, उद्यासाठी साठवू नये. टाळ्या पडतात. खरं तर, ती का काढता असं मी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्यावर खेकसला होतात, ‘‘नायतर मुंगळे लागतले. फडको आण.’’

परवा दादरला काकी आल्या होत्या, पहिल्याच रांगेत. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी माझा हात धरला. ‘‘माका, सोताच्या बायकोक, कधी असा काय बोलले नाय रे ते. चाय टाक, कणीक मळ, इतक्याच. आणखी काय सांगायचे तुका?’’ तिथेच कबूल करायला हवं होतं. पण त्यांचे डोळे भरलेले, शेजारी आयोजक उभे, आणि माझी जीभ सरावलेली. ‘मौन हाच पहिला बोल’ असं म्हणायचे, मी ठोकून दिलं. काकींनी मान हलवली. ‘‘तरीच घरात गप असायचे.’’ तुमचा जन्मभराचा अबोला त्यांनी माझ्या खोट्यावर विसंबून तिथल्या तिथे माफ केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एकदा काकी गावी गेल्या होत्या आणि कणीक मी मळली होती, आठवतं? तुम्ही गोळा बोटाने दाबून बघता, परत परातीत टाकता. ‘‘तिच्या हातचो गोळो लावलो की पखवाज बोलता. ह्यो मुको रवतलो.’’ मग दाराकडे बघत, चक्क लाजून, ‘‘सांगू नको हां तिका.’’

हे वाक्य मी एकाही व्याख्यानात घेतलं नाही. त्यात मला तत्त्वज्ञान दिसलं नव्हतं. ते काकींचं होतं, त्यांना द्यायचं राहिलं. आता जाऊन सांगितलं तर त्या विचारणारच, मग बाकीचं खरं कुठलं?

आज त्यांनी जेवायला बोलावलं होतं. बरं नाही, असं मी कळवलं. मला काही झालेलं नाही, मास्तर.