डाव्या दिव्यावरचा खळगा

१४ सप्टेंबर २०२५, रविवार
जुन्या गाड्यांच्या क्लबची मीटिंग. क्लब म्हणे! निम्म्यांना अस्सल गाडी आणि वरातीची गाडी यातला फरक कळत नाही. पाच ऑक्टोबरच्या रॅलीत नकली गाडीला प्रवेश नाही, असा ठराव मी मांडला आणि पास करून घेतला. तपासणीही माझ्याकडेच आली. दुसरं होतं कोण? सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. एक रिव्हेट तिरका दिसला तरी माल परत.
रॅलीत सर्वांत पुढे अर्थात माझी लाल एल्डन. ब्रिटिश टू-सीटर, १९५६ची, ॲल्युमिनियमची बॉडी. गेल्या वर्षी चांदवडच्या कांदा व्यापाऱ्याच्या शेडमध्ये ओळखली आणि विकत घेतली. आपल्याकडे काय पडलंय, याचा त्या माणसाला पत्ताच नव्हता.
संकल्प: रोज पहाटे उठून अभ्यास.

१६ सप्टेंबर
पहाट जमली नाही. ज्याला येतं त्याला अभ्यास कशाला?
सकाळी ११. रॅलीसाठी दुसऱ्या एल्डनचा अर्ज आलाय. हिरवी. मालक मुस्तकीम, वडाळा नाक्यावरचा डेंटिंग-पेंटिंगवाला. वडील इनायतभाईंनी जपलेली आहे, असं लिहिलंय. डेंटिंगवाल्याकडे एल्डन! हसू आवरेना.

२१ सप्टेंबर, रविवार
मुस्तकीमच्या गॅरेजवर तपासणी. फ्रिजवरचा लोहचुंबक नेला. हिरव्या गाडीला चिकटला नाही, म्हणजे फायबर. विषय संपला. तरी दाराच्या फटी मोजल्या. डावीकडे चार मिलिमीटर, उजवीकडे सहा. एक मडगार्ड गोल, दुसरं चपटं. असला माल मी गेटबाहेर सोडला नसता. मुस्तकीमचं म्हणणं, त्या काळी पत्रा हाताने ठोकून घडवायचे, दोन्ही बाजू तंतोतंत कशा येतील? तंतोतंत येतात त्या साच्यातल्या. मला शिकवतोय!
कहर म्हणजे डाव्या दिव्याच्या वर, बॉडीवर अंगठ्याएवढा खळगा. माझ्या गाडीवर आहे तिथेच, तसाच. माझा खळगा म्हणजे इंग्लंडच्या कारागिराच्या हातोडीची खूण, हे मी क्लबात शंभरदा सांगितलंय. यांनी तोसुद्धा उचलला. चोरी करायची ती किती!
चहा मात्र चांगला होता.

२२ सप्टेंबर
रिपोर्ट दिला: नकली, प्रवेश नाकारावा. आमचे सेक्रेटरी कुंदन गयावया करू लागले. इनायतभाई अंथरुणाला खिळलेत, त्या गाडीतून एकदा रॅलीत फिरायचं एवढीच त्यांची इच्छा आहे, वगैरे. मी सांगितलं, भावना वेगळी, बॉडी वेगळी. नाव कापलं.
घरी आल्यावर माझ्या गाडीला चुंबक लावला. चिकटला नाही. ॲल्युमिनियमच आहे, चिकटेल कसा? मग त्यांची का नाही ॲल्युमिनियमची, असं शुभांगीने विचारलं. बायकोला धातुशास्त्र शिकवायला मला वेळ नाही.

२८ सप्टेंबर
पॉलिश. फटी मोजल्या, दोन्हीकडे बरोब्बर पाच. याला म्हणतात अस्सल. शेजारच्या योगेशने एका हाताने बॉनेट उचललं आणि फारच हलकं आहे म्हणाला. असणारच. ही स्पोर्ट्स कार आहे, ट्रॅक्टर नाही. पण योगेशला काय कळणार, कप्पाळ!

२ ऑक्टोबर, दसरा
गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर आपट्याची पानं. नारळ जरा लांब फोडा, असं शुभांगी दोनदा म्हणाली. एका फटक्यात नारळ फोडण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. फुटलाही. पण अर्धं भकल उसळून डाव्या मडगार्डवर बसलं. काडकन आवाज झाला. पोचा आला नाही. तडा गेला आणि तड्यातून पांढरे धागे बाहेर आले.
शुभांगी वाकून बघत होती. "अहो, ॲल्युमिनियमला केस येतात का?"
सोनं वाटायला कुणाकडे गेलो नाही.
सायंकाळी ७. तेवढा एक भाग नंतर कुणीतरी बदलला असेल.
सायंकाळी ७.२०. दारं, बॉनेट, डिकी, सगळीकडे टकटक केलं. सगळंच बदललं असेल.

३ ऑक्टोबर
फायबरचं काम नीट करणारा कोण, म्हणून चार जणांना विचारलं. चौघांनी एकच नाव सांगितलं. गाडी घेऊन गेलो.
मुस्तकीमने तड्यावरून हात फिरवला. मग मला आत इनायतभाईंच्या खाटेपाशी नेलं. मोबाइलवर माझ्या लाल गाडीचा फोटो बघून म्हातारा खुलला. चांदवडच्या व्यापाऱ्याला मुलाच्या वरातीसाठी त्यांची हिरवी गाडी विकत हवी होती. ती विकायला मन होईना, म्हणून तिच्यावरूनच साचा काढून, फटी तेवढ्या सारख्या करून त्यांनी त्याला ही लाल करून दिली. म्हणजे वरातीची गाडी.
खळग्याचं विचारायला नको होतं. विचारलं.
"तो माझा आहे, काका," मुस्तकीम म्हणाला. "सहा वर्षांचा होतो. गलोलीने दगड मारला. अब्बांनी मला बडवलं, पण खळगा तसाच ठेवला. साच्यात तोही उतरला."
रॅलीच्या आत तडा भरून देतो म्हणाला. रिपोर्टचं त्याने अवाक्षर काढलं नाही. तेच फार लागलं.

५ ऑक्टोबर, रविवार
कालच नवा रिपोर्ट दिला होता. एकच शब्द: अस्सल. कुंदनने तो माईकवर वाचला, माझ्या नावासकट.
सर्वांत पुढे हिरवी एल्डन. मुस्तकीमच्या शेजारी शालीत गुंडाळलेले इनायतभाई. माझ्या लाल गाडीचा तडा वेळेत भरला, दिसतही नाही. पण ठराव माझाच. मी फुटपाथवर गर्दी आवरायची दोरी धरून उभा होतो. इनायतभाईंनी मला ओळखून हात केला. मी दोरी न सोडता मान हलवली.
घरी येऊन चुंबक फ्रिजला लावला. चिकटला.